चिकटपट्टीची चित्रं आणि 'माध्यम' हा रकाना

सांगलीत प्रदर्शनासाठी हॉल मागणार असाल, तर अर्जातला 'माध्यम' हा रकाना आधी नीट बघा. माझा अर्ज तिथंच अडकला आणि त्याची चीड अजून गेलेली नाही.

मी वर्तमानपत्रावर पारदर्शक चिकटपट्टी घासून बसवते आणि ओढून काढते. शाईसकट कागदाचा वरचा पापुद्रा निघून येतो. त्या पट्ट्या कॅनव्हासवर शेजारी शेजारी लावायच्या. पॅरिसच्या जिल वोल्मान या कलाकारानं १९६३ च्या सुमारास हे सुरू केलं, 'स्कॉच आर्ट' या नावानं. शब्द मधेच तुटतात, बातमी हाती लागत नाही, छापील मजकुराची वीण तेवढी उरते. मला त्याचं वेड लागलं.

फ्रेमा, अनामत सगळं वेळेत झालं. रकान्यात मी 'चिकटपट्टी व वृत्तपत्र' असं लिहिलं. खिडकीवरचे दादा म्हणाले, "काय ओ मॅडम, जलरंग, तैलरंग, शिल्प... ह्यातलं कुठलं ते सांगा की." साहेब मीटिंगला. पुढच्या खेपेला साहेब भेटले, तर मजकूर दुसऱ्याचा आहे म्हणून वर्तमानपत्राचं ना-हरकत पत्र मागितलं. एका चित्रात किती वर्तमानपत्रांच्या पट्ट्या असतात! रद्दी गणपती पेठेतून किलोवर आणलेली. 'छायाचित्र' लिहून मोकळ्या व्हा, असंही एकानं सुचवलं. मी ठाम नकार दिला. जे काम आहे तेच कागदावर यायला हवं.

शेवटी लेखी निवेदन दिलं: पिकासोनं १९१२ सालीच चित्रात वर्तमानपत्राचे तुकडे चिकटवले होते, आणि माझ्या पट्ट्यांवर सलग वाचता येईल असं एकही वाक्य नाही. सोबत चित्रांचे फोटो जोडले. मग 'मिश्र माध्यम : चिकटपट्टी, वृत्तपत्र' यावर गाडी पुढं सरकली. तुम्ही पहिल्याच दिवशी असं लिहा, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. माझं निवेदन फायलींखाली दबलं नाही ते पोच होती म्हणूनच.

हो, पट्टीबद्दल राहिलंच. जुन्या पद्धतीची सेलोटेप काही वर्षांत पिवळी पडते. अॅक्रिलिक गोंदाची घ्या. मासिकाचा गुळगुळीत कागद नुसता ओढून येत नाही. पट्टी लावून पाण्यात भिजवा आणि मागचा लगदा बोटानं चोळून काढा, शाई पट्टीवर राहते. झेरॉक्सही चालते, कारण तिची टोनर म्हणजे पूड-शाई पाण्यात विरघळत नाही. इंकजेटची प्रिंट मात्र बहुतेक वेळा फिसकटते.

परवानगीपत्रावर नुसतं 'मिश्र माध्यम' छापून आलंय. दुरुस्तीचा अर्ज दिला आहे.