पिओनीचे कोंब दिसायला लागले!

पिओनी म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर येतं ते वीतभर रुंद, पाकळ्यांनी गच्च भरलेलं फूल. ते सुंदर असतंच, वादच नाही. पण मला विचाराल तर पिओनीची खरी मजा फुलाच्या दीड-दोन महिने आधीच सुरू होते, माती अजून गार असते आणि तिच्यातून ते लालचुटुक कोंब डोकं वर काढतात तेव्हा.

त्या वेळी बागेत नुसती धांदल असते. आधी स्नोड्रॉप नि क्रोकस, मग डॅफोडिल, हायसिंथ (त्याचा वास तर अख्ख्या अंगणभर पसरतो), मग ट्युलिप. पानगळीच्या दिवसांत पुरून ठेवलेले हे सगळे कंद एकामागून एक येतात आणि फुलून जातातही. पिओनी मात्र निवांत. तिचा कोंब जवळ बसून बघा एकदा, बोटाएवढा जाड, गडद मरून, चकचकीत, आणि टोकाला पानं एकमेकांत घट्ट गुंडाळलेली. रोज थोडा थोडा उंच होतो, मग पानं सुटतात, ती आधी तांबूस असतात आणि हळूहळू हिरवी होत जातात, आणि मग एक दिवस देठाच्या टोकाला कळी दिसते. मी तर त्या दिवसांत सकाळी उठल्या उठल्या आधी वाफ्याकडेच जाते.

कळी गोटीएवढी झाली की मुंग्या येतात. ह्यावरून खूप जण घाबरतात आणि औषध मारायला निघतात, प्लीज नका करू तसं. कळीच्या बाहेरच्या हिरव्या पाकळ्यांच्या कडांना गोड रस सुटतो, मुंग्या तोच खायला आलेल्या असतात, आणि त्या तिथे असल्या की कळी खाणारे दुसरे किडे जरा लांब राहतात. मुंग्यांशिवाय कळी उमलतच नाही असंही म्हणतात पण ते खरं नाही, कळी आपली आपण उमलते.

आता लावायची कशी, तर सगळा खेळ खोलीचा आहे. पानगळीच्या दिवसांत 3 ते 5 डोळे (ज्यांतून कोंब फुटतात ते) असलेला मुळांचा गड्डा घ्यायचा आणि डोळ्यांवर फक्त 2.5 ते 5 सेंटीमीटर माती येईल असा लावायचा. जास्त खोल गेला तर झाड जगतं, पानं भरपूर येतात, फूल मात्र येत नाही. त्या डोळ्यांना हिवाळ्यातली कडक थंडी लागते, ती मिळाली नाही तर वसंतात फुलं धरत नाहीत, म्हणून हे गरम हवेचं झाडच नाही. बाकी रोज निदान सहा तास ऊन आणि पाण्याचा चांगला निचरा, एवढंच. आणि खताचा मारा नको, नत्र जास्त झालं की नुसता पाला माजतो.

पहिल्या वर्षी बहुतेक काहीच येत नाही, दुसऱ्या वर्षी एखाद-दुसरं फूल, तिसऱ्या वर्षापासून रंगात येते. एवढी वाट कोण बघणार असं वाटेल, पण एकदा रुजली की ती पन्नास वर्षं आणि त्याहून जास्तही फुलत राहते, म्हणजे नातवंडांनासुद्धा त्याच झाडाची फुलं मिळतात!

जातींबद्दल लिहायला लागले तर थांबणारच नाही. पांढऱ्यावर मधेच किरमिजी शिंतोडे असलेली फेस्टिवा मॅक्झिमा 1851 सालची आहे आणि लोक अजून तीच हौसेनं लावतात. कोरल चार्म उमलताना चक्क पोवळ्याच्या रंगाची असते आणि उतरत उतरत फिक्कट पिवळसर होते, एकाच झाडावर एका वेळी तीन-चार छटा. आणि इतोह पिओनी! जपानच्या तोइची इतोह यांनी 1948 मध्ये साध्या पिओनीचा झाडासारख्या वाढणाऱ्या ट्री पिओनीशी संकर केला, आधीचे कितीतरी प्रयत्न फुकट गेले होते, आणि रोपं मिळाली तरी त्यांची फुलं बघायला ते राहिले नाहीत, 1956 मध्ये गेले. मला हे आठवलं की फार वाईट वाटतं.

एका झाडाचा बहर जेमतेम आठ-दहा दिवसांचा, म्हणून लवकर, मधे आणि उशिरा फुलणाऱ्या जाती मिसळून लावाव्यात, मग महिनाभर तरी बाग भरलेली राहते. भरगच्च पाकळ्यांच्या जाती पावसात भिजल्या की जड होऊन मातीत लोळतात, त्यांना कोंब लहान असतानाच तारेचं कडं लावून ठेवायचं. घरात ठेवायला कळी दाबल्यावर मऊ लागली की कापायची, कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये आडवी ठेवली तर दोन आठवडे सहज टिकते. कापताना पानं मात्र भरपूर ठेवा, पुढच्या वर्षीच्या फुलांची ताकद त्यातूनच येते. थंडी पडून पाला वाळला की देठं जमिनीलगत कापून बागेबाहेर टाकायची, नाहीतर त्याच्यावरची बुरशी नव्या कोंबांना धरते.

यंदा कुंपणाजवळची उन्हाची जागा मोकळी करून ठेवलीये. तिथे बार्टझेला लावणार, पिवळीधमक, इतोहच. कोणी लावली असेल तर ती किती पसरते ते सांगा ना, त्या हिशोबाने शेजारचे ट्युलिप सरकवीन.