चीज कापायच्या आधीच

पुस्तक परत आलं. आवडलं नाही, आवडलं, काहीच निरोप नाही. आत औषधांच्या दुकानाची पावती खुणेला घातलेली, आणि ती नेमकी दुसरं प्रकरण संपतं तिथे. म्हणजे ताई तिथवर आली आणि थांबली.

मला राग आला. एवढा कशाचा, ते सकाळपासून उमगत नाहीये.

न वाचता परत केलेली पुस्तकं काही कमी नाहीत घरात. पण 'लड-इन-द-मिस्ट' दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी सोडायचं म्हणजे दार उघडायच्या क्षणी पाठ फिरवून जिना उतरायचा. होप मिर्लीझने १९२६ साली लिहिलेल्या या कादंबरीच्या पहिल्या दोन प्रकरणांत खरंच काही घडत नाही. लड हे डोरिमेअरची राजधानी असलेलं खाऊनपिऊन सुखी व्यापारी शहर, दोन नद्यांच्या संगमावर. त्यातली डॅपल नदी पऱ्यांच्या मुलखातून येते, आणि ते कुणी बोलून दाखवायचं नसतं. मग महापौर नॅथॅनिएल चँटिक्लीअर, त्याचं घर, त्याची बाग. मग इतिहास : व्यापाऱ्यांनी ड्यूक ऑब्रीला कसं हाकललं वगैरे. माणूस जांभई देणारच.

आणि तिसऱ्यात महापौराकडे मित्रमंडळी जमतात, खास मूनग्रासचं चीज मांडलेलं असतं, सुरी लावायची वेळ येते आणि त्याचा लहान मुलगा रॅनल्फ किंचाळत सुटतो. चीज कापलं तर चंद्र मरेल म्हणतो. पाहुणे गप्प. बाप आधी चिडतो, मग घाबरतो, कारण तसली एक भीती त्याच्याही पोटात तरुणपणापासून दडलेली आहे. पोराने पऱ्यांच्या मुलखातलं चोरटं फळ खाल्लंय, हे तिथे फुटतं. त्यानंतर ही कादंबरी तस्करीची, मग जुन्या खुनाच्या तपासाची होत जाते आणि अद्भुतातून तिचा पाय तरीही निघत नाही.

ताई एक पान आधी थांबली. एकच पान!

बरं, पहिली दोन प्रकरणं गाळून वाच असंही सांगता येत नाही. तिथल्या कायद्यात त्या फळाचं नाव घेणंसुद्धा अशिष्ट, म्हणून सरकारी कागदांत ते रेशमी कापड समजायचं आणि गुन्हेगाराला चोरट्या कापडाच्या कलमाखाली शिक्षा करायची, अशी व्यवस्था आहे. ही गंमत कंटाळवाण्या भागात पेरलेली आहे आणि पुढचा सगळा पेच तिच्यावर उभा आहे. ज्याचं नाव घेता येत नाही त्याचा तपास कसा करणार? ते पान गाळलं की पुढे महापौर उगीच मठ्ठ वाटतो.

तर राग. पुस्तक वाचलं नाही याचा की मला विचारलं नाही याचा? ताईने फोन करून 'अगं, हे पुढे सरकतं का?' एवढं विचारलं असतं तरी चाललं असतं. पण तिने विचारावं असे तिचे दिवस आहेत का सध्या? त्या पावतीवर काय काय लिहिलंय ते मी वाचलं नाही. वाचलं. ते असो.

मला वाटतं, अशी पुस्तकं मागे पडतात त्याचं मोठंसं कारण नसतंच. लेखक वाईट नसतो, विषय जुना झालेला नसतो. प्रत्येकात एक ठरलेली जागा असते, तिथे माशी शिंकते. ती कुठली हे वाचलेल्याला माहीत असतं आणि न वाचलेल्याला सांगायचं राहून जातं.

कारेल चापेकची 'वॉर विथ द न्यूट्स' घ्या, १९३६ची, मूळ झेक. रोबो हा शब्द याच्या नाटकातून जगभर गेला (तो सुचवला त्याच्या भावाने, योसेफने), त्यामुळे चापेकचं नाव घेतात सगळे, पण कादंबरी वाचणारे थोडे. सुमात्राजवळच्या बेटावर कॅप्टन व्हान टोखला दोन पायांवर चालणारे सॅलमँडर, म्हणजे पालीसारखे दिसणारे उभयचर प्राणी, सापडतात. तो त्यांना शिंपले उघडायला सुऱ्या देतो, ते मोती काढून देतात. पुढे कंपनी येते, सॅलमँडरांचे भाव ठरतात, बंदरं आणि धरणं बांधायला ते घाऊक विकले जातात. पहिला भाग १२ प्रकरणांचा, हसत हसत वाचून होतो. दुसऱ्या भागात तीनच प्रकरणं, आणि मधल्या प्रकरणाशी घोडं अडतं. पानंच्या पानं वर्तमानपत्रांची कात्रणं, अहवाल, जाहीरनामे, बारीक टायपातल्या तळटिपा. लोकांना वाटतं कथा संपली, आता परिशिष्ट.

तसं नाही. ती कात्रणं पोवोंद्रा नावाच्या दरवानाची आहेत. कॅप्टन पैसा उभा करायला बाँडी या बड्या शेठजींच्या दारात आला, त्या दिवशी त्याला दारातूनच परत न पाठवता ज्याने आत सोडलं, तोच हा. तो कात्रणं जपतो आणि त्याची बायको जागा अडते म्हणून अधूनमधून त्यातली जाळते. म्हणजे आपल्या हातात आहे तो जळून उरलेला इतिहास. हे ध्यानात ठेवून ते प्रकरण एका बैठकीत वाचायचं : आधी वरचा मजकूर सलग, तळटिपा दुसऱ्या फेरीत. दोन्ही बरोबर वाचायला गेलं की धागा सुटतो. इंग्रजीत वेदरॉल दांपत्याचा १९३७चा अनुवाद आहे आणि एवाल्ड ओझर्सचा नंतरचा. ओझर्सचा घ्या, वाक्यं मोकळी आहेत.

जाता जाता, पहिल्या भागाला नाव आहे 'आंद्रियास शॉयख्झेरी'. १७२६ साली शॉयख्झर नावाच्या स्विस पंडिताने एक जीवाश्म महाप्रलयात बुडालेल्या माणसाचा म्हणून छापला. पुढे क्युव्हिएने दाखवून दिलं की तो भलामोठा सॅलमँडर आहे. त्या जातीला शॉयख्झरचंच नाव मिळालं, आणि चापेकचे सॅलमँडर त्याच जातीचे.

'स्वस्तिका नाइट'चं दुखणं वेगळं. ही १९३७ची, लेखक मरे कॉन्स्टंटाइन. हा मरे म्हणजे कॅथरीन बर्डेकिन ही बाई, हे बाहेर यायला १९८०चं दशक उजाडलं. तोवर ती जाऊन वीसेक वर्षं झाली होती. हिटलरनंतर सातशे वर्षांनी त्याचा देव झालाय, उंच, सोनेरी केसांचा, बाईच्या पोटी न येता देवबापाच्या मस्तकातून स्फोट होऊन प्रकटलेला. बायकांची डोकी भादरून त्यांना कुंपणाआड ठेवलंय. महायुद्ध सुरू व्हायच्या दोन वर्षं आधी हे लिहिलंय, ऑर्वेलची '१९८४' कादंबरी येण्याच्या १२ वर्षं आधी! वाचक अडतो तो संवादांत. आल्फ्रेड हा इंग्रज तंत्रज्ञ आणि फॉन हेस हा म्हातारा सरदार बोलतात, बोलतात, बोलतच राहतात. तिथे एका फोटोची वाट बघायची. त्या फोटोत खरा हिटलर आहे, ठेंगणा, काळ्या केसांचा, आणि शेजारी एक मुलगी. आल्फ्रेड आधी त्या मुलीला मुलगाच समजतो, कारण लांब केसांची, ताठ उभी राहिलेली बाई त्याने जन्मात पाहिलेली नाही. सगळ्या बडबडीचं चीज त्या एका पानावर होतं.

(चीज. आज सगळं तिथेच येऊन थांबतंय.)

मिर्लीझचं पुढे काय झालं, ते मघाशी आठवलं आणि राग जरा ओशाळला. जिच्याबरोबर ती राहत होती त्या जेन हॅरिसन १९२८ साली गेल्या. मिर्लीझने त्यानंतर कादंबरी लिहिली नाही, आणि ती जगली १९७८ पर्यंत. १९७० मध्ये अमेरिकेत लिन कार्टरने बॅलंटाइनच्या मालिकेत 'लड' पुन्हा छापली, ती तिला न विचारता. बाई जिवंत होती! ४४ वर्षं धूळ खाल्लेल्या आणि लेखिकेच्या नकळत परत आलेल्या पुस्तकाला ताईच्या पावतीने काय होणार आहे? मीच आपली पुस्तकाची वकील झाले होते, वकीलपत्र कुणी दिलेलं नसताना. आणि खरं सांगायचं तर, हे फार थोड्यांनी वाचलंय यात मला जे एक गुदगुल्यासारखं वाटतं, तेही फारसं शोभादायक नाही. सगळ्यांनी वाचलं असतं तर इतकं आवडलं असतं का? याचं उत्तर आज नको.

पुढचं पुस्तक मात्र विचार करून द्यायला हवं. स्टेपल्डनची 'लास्ट अँड फर्स्ट मेन' (१९३०) नको. दोन अब्ज वर्षं, माणसाच्या अठरा जाती, शेवटच्या नेपच्यूनवर, आणि नाव घेण्याजोगं पात्र एकही नाही. तिची पहिली चार प्रकरणं बिनधास्त गाळावीत, कारण त्यात १९३० नंतरच्या राजकारणाचे अंदाज आहेत आणि ते साफ चुकलेत. पाचव्यापासून घेतली तर जमते. स्टेपल्डन १९५० साली गेला, म्हणजे आपल्याकडच्या, लेखक गेल्यावर साठ वर्षं हक्क टिकण्याच्या नियमाने २०११पासून ती मोकळी आहे. कुणाची परवानगी न काढता मराठीत आणता येईल. पण अठरा जातींना अठरा वेळा कोण भिडणार?

ताईला फ्रेड हॉइलची 'द ब्लॅक क्लाउड' द्यावी, १९५७ची. जयंत नारळीकरांच्या गोष्टी तिने शाळेत असताना फडशा पाडल्यासारख्या वाचल्यात, आणि हॉइल हे केंब्रिजमधले नारळीकरांचे गुरू. सूर्यमालेकडे एक काळा ढग येतोय. तो किती लांब आहे ते माहीत नसताना कधी पोचेल ते फळ्यावर मांडून काढतात, आणि ते गणित तळटीपेत दिलंय. वाटतं तितकं अवघड नाही : ढगाचा दिसणारा आकार महिन्यात पाच टक्क्यांनी वाढला तर शंभराला पाचाने भागायचं, साधारण वीस महिने उरले. वेग आणि अंतर वेगवेगळं काढावंच लागत नाही. पुढे ढग बोलायला लागतो आणि ग्रहावर बुद्धिमान प्राणी राहतात याचं त्यालाच नवल वाटतं.

अडायची जागा पहिल्याच प्रकरणात आहे, हीच तळटीप. तिच्यावर पेन्सिलीने लिहून देईन, 'ही सोडलीस तरी चालेल.' आणि 'लड' परत कपाटात जाईल, पावतीसकट. पावती काढायला कुणी सांगितलेलं नाही.