सही जुळली, म्हणजे गेली

मी फिलाडेल्फियाजवळ एका लिलाववाल्यांकडे कॅटलॉगचं काम करते. जुनी पत्रं, सह्या, कागदपत्रं, त्यातही जास्त करून अमेरिकन अध्यक्षांची न सिनेटरांची, कारण त्यांचे कलेक्टर इकडे पैशाला पासरी. याआधी सोलापुरात एका को-ऑपरेटिव्ह बँकेत होते, तीन वर्षं चेकवरची सही स्पेसिमन कार्डाशी जुळवून बघितली, त्यामुळे मला वाटलेलं सही म्हणजे आपला घरचा विषय. इकडे येऊन बघते तर सगळं उलटंच.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. मंगळवारी लोक घरातल्या वस्तूंची किंमत काढून घ्यायला येतात, त्यात एक आजोबा आले, पंचाहत्तरीचे असतील, स्क्रँटनकडचे, म्हणजे पूर्वीचा कोळशाच्या खाणींचा भाग. काखेत टॉवेलात गुंडाळलेल्या दोन फ्रेमा आणि हातात एक खाकी पाकीट. बसायच्या आधीच म्हणाले, केनेडी शेवटी दाखवतो.

पहिल्या फ्रेमीत खापरपणजोबांच्या ओहायोतल्या जमिनीचा सरकारी पट्टा, 1835 चा, चामड्यावर लिहिलेला, खाली ठसठशीत अक्षरात तेव्हाचे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन. याला दोन मिनिटंही लागली नाहीत. जमीनवाटप इतकं वाढलं होतं की सहीवाचून हजारो पट्टे तुंबले होते, म्हणून 1833 मध्ये कायदाच केला की यावर अध्यक्षांच्या वतीने सेक्रेटरीने सही करायची. नावाखाली बारीक अक्षरात बघितलं तर सेक्रेटरी डोनेलसन, जॅक्सनच्या बायकोचा भाचा. (म्हणजे भाच्याला चिकटवायची पद्धत तिकडेही होती.) आजोबांना फार वाईट वाटलं नाही, जॅक्सन त्यांना आवडतच नव्हता म्हणे.

मग केनेडी. 1959 चं टाइप केलेलं पत्र, सिनेटच्या लेटरहेडवर, तेव्हा ते सिनेटर होते. त्या वर्षी कामगार संघटनांच्या कायद्यावरून सिनेटमध्ये रण पेटलं होतं आणि केनेडी त्यात अगदी मध्यभागी, आजोबांचे वडील युनियनमध्ये, त्यांनी काहीतरी कडक लिहून पाठवलं असणार आणि त्याला हे गोडगोड उत्तर आलेलं, आपले विचार कळवल्याबद्दल आभार वगैरे. पत्राला चार घड्या, घड्यांवर कागद विरलेला, कारण वडिलांनी ते कित्येक वर्षं पाकिटात ठेवलं होतं, खाणीवर सगळ्यांना दाखवायला.

भिंगाखाली बघितलं आणि माझं मन खट्टू झालं. शाईची रेघ सुरवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी जाड, कुठे दाब कमीजास्त नाही, आणि सही जिथे सुरू होते आणि जिथे संपते तिथे एक बोथट टिंब. माणसाचा हात कागदावरून उचलताना रेघ निमुळती होत जाते, ही तशी नव्हती. मग आमच्या फाइलमधले ऑटोपेनचे, म्हणजे सही करणाऱ्या मशीनचे, नमुने काढले, केनेडींच्या ऑफिसकडे सहीचे एक नाही बरेच साचे होते, ते एकेक करून लाइट टेबलवर त्या सहीखाली सरकवत गेले. पाचवा का सहावा बसला. अगदी तंतोतंत, शेवटच्या शेपटीसकट.

सोलापुरात इथे मी शिक्का मारून चेक पास केला असता. पण माणूस हुबेहूब एकसारखी सही दोनदा करूच शकत नाही, त्यामुळे इकडे सही जुळली की खेळ खलास.

आजोबांना समजावून सांगितलं की ऑटोपेनमध्ये सहीचा साचा घालतात, मशीनचा हात त्या साच्यावरून फिरतो आणि दुसऱ्या टोकाला लावलेलं पेन कागदावर सही उमटवतं. शाई खरी, पेन खरं, माणूस तेवढा नाही. ते म्हणाले, पण ओबामांनी तर मशीनने कायद्यावर सही केली होती ना? बरोबर होतं त्यांचं, 2011 मध्ये ओबामा फ्रान्समध्ये होते तेव्हा पॅट्रिअट ॲक्टची, म्हणजे दहशतवादविरोधी कायद्याची, मुदतवाढ तशीच झाली होती. मी म्हणलं, कायद्याला चालतं हो, कलेक्टरला नाही चालत.

बराच वेळ गप्प बसले. मग विचारलं, त्यांनी वडिलांचं पत्र वाचलं तरी असेल का? यावर माझ्या फाइलीत काय उत्तर असणार. कॉफी देऊ का विचारलं, तर नको म्हणाले.

खाकी पाकीट ते तसंच परत घेऊन चालले होते, मीच मागून घेतलं. आत माजी अध्यक्ष ट्रुमनचं पत्र, त्यांच्या गावच्या, इंडिपेन्डन्स, मिसूरीच्या लेटरहेडवर, वाढदिवसाच्या शुभेच्छांबद्दल आभार, तीन ओळी. खाली सही, घाईघाईत केलेली, मध्येच शाई दाटलेली, शेवट निमुळता. एकदम अस्सल. अध्यक्षपद सुटल्यावर ट्रुमन घरी बसून ढिगाने पत्रांना उत्तरं द्यायचे, त्यामुळे भाव काही फार नाही, दोन-तीनशे डॉलर. पण अस्सल ते अस्सल.

तेव्हा कुठे आजोबा हसले. वाटणीत म्हणे तिघा भावंडांची केनेडीवरून भांडणं झाली होती, शेवटी यांनी वडिलांची ब्यूइक गाडी बहिणीला सोडली तेव्हा केनेडी पदरात पडला. ट्रुमन कोणालाच नको होता, तो वर फुकट आला.

तिन्ही वस्तू टॉवेलात गुंडाळून ते निघाले, काहीच विकायला ठेवलं नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या बहिणीचा फोन. केनेडीच्या पत्राची किंमत किती सांगितलीत? मी म्हणलं, आम्ही ज्याची वस्तू त्यालाच सांगतो, तुम्ही भावाला विचारा ना. त्या म्हणाल्या, विचारलं हो, तो म्हणतो आकडा इतका मोठा आहे की तुम्ही बाहेर बोलायचं नाही म्हणून बजावलंय.

मी दोन सेकंद थांबले आणि म्हणलं, हो, बजावलंय.