मुलीची दुधाची दाढ आणि घरभर झालेली दंततपासणी : माझा अनुभव

माझी मुलगी दुसरीत असताना तिची खालच्या जबड्यातील डावीकडची दुधाची दाढ दुखू लागली आणि त्या एका दाढेच्या निमित्ताने आमच्या घरातील जवळजवळ सर्वांच्याच तोंडाची तपासणी झाली. लहान मुले आणि वयस्कर माणसे एकत्र राहतात अशा घरांना उपयोगी पडेल या हेतूने उपचारांचा क्रम आणि प्रत्येक टप्प्यावर डॉक्टरांनी सांगितलेली कारणे येथे मांडत आहे.

आम्ही मिरजेत राहतो. या गावात गल्लोगल्ली दवाखाने आहेत, बाहेरगावचे रुग्ण उपचारांसाठी येथे येऊन राहतात, आणि तरीही दाढ ठणकल्याशिवाय दंतवैद्याची पायरी चढायची नाही ही रीत इथेही इतर गावांइतकीच निष्ठेने पाळली जाते. ठणका रात्री सुरू झाला आणि सकाळपर्यंत सल्ले जमा झाले. शेजारच्या काकूंचे म्हणणे असे की दुधाचाच दात आहे, आज ना उद्या पडणारच, त्यावर पैसे कशाला घालवायचे. सासूबाईंना लहानपणी पाहिलेली, दुखऱ्या दाढेला द्यायची रिंगणी या काटेरी झुडपाच्या बियांची धुरी आठवली. ओळखीच्या औषध दुकानदाराने वेदनाशामक गोळीबरोबर प्रतिजैविकही देऊ केले. आम्ही केवळ वेदनाशामक औषध, तेही मुलीच्या डॉक्टरांना वजन सांगून व मात्रा विचारून दिले आणि घराजवळच्या दंतवैद्य मॅडमकडे गेलो.

मॅडमनी आधी दाढ पाहिली, मग छोट्या सेन्सरवर तिचे क्ष-किरण चित्र काढले आणि ते संगणकाच्या पडद्यावर मोठे करून आम्हाला दाखवले. दाढेवर वरून दिसणारा काळा ठिपका लहान होता, मात्र आतली पोकळी थेट नसेपर्यंत पोहोचली होती. प्रतिजैविकाबद्दल मी विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की गाल सुजला असेल किंवा ताप असेल तर ते द्यावे लागते, पण केवळ ठणक्यासाठी त्याचा उपयोग नाही, कारण कीड दाढेत तशीच राहते आणि गोळ्यांचा परिणाम ओसरला की दुखणे परत येते. सूज गालावरून डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकू लागली, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर मात्र रात्र असली तरी मोठे रुग्णालय गाठायचे. लवंगेच्या तेलाचा बोळा तात्पुरता ठेवायला हरकत नाही, पण दुखणाऱ्या जागी हिरडीवर गोळी दाबून ठेवण्याची जी पद्धत आहे तिने हिरडी भाजते.

मग मी काकूंचाच प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. पडणारच असलेल्या दाताला एवढा उपचार कशासाठी? मॅडमनी पडद्यावरच्या चित्रात दाढेच्या मुळांमध्ये अडकल्यासारखी दिसणारी एक फिकट आकृती दाखवली. ती पुढे येणारी कायमची उपदाढ होती. पुढचे दुधाचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात, पण दुधाच्या मागच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत टिकतात. म्हणजे या दाढेला अजून तीन-चार वर्षे काम करायचे होते. ती आताच काढली असती तर मागची दाढ पुढे सरकली असती आणि खालून येणाऱ्या उपदाढेला जागा उरली नसती. काढणे स्वस्त वाटते खरे, पण मग जागा राखण्यासाठी वेगळी तार बसवावी लागते, आणि तीही न बसवल्यास पुढे वेड्यावाकड्या दातांचा खर्च असतोच.

त्याच चित्रात आणखी एक गोष्ट दिसली आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. दुखणाऱ्या दाढेच्या मागे एक नवी दाढ आली होती. साधारण सहाव्या वर्षी येणारी ही पहिली कायमची दाढ कोणताही दात न पडता, सगळ्या दुधाच्या दातांच्या मागे येते, त्यामुळे बहुतेक पालक तिला दुधाचीच दाढ समजतात. आयुष्यभर वापरायची ही दाढ मूल स्वतःच्या हाताने नीट घासू शकत नाही अशा वयात तोंडात येते आणि तिच्या खोलगट खाचांमध्ये अन्न अडकून राहते. “मला तुमची पडणारी दाढ वाचवायची आहे, पण त्याहून जास्त काळजी तिच्या मागच्या दाढेची आहे,” असे मॅडम म्हणाल्या.

उपचारासाठी त्यांनी सकाळची वेळ दिली, कारण शाळा आटोपून दमलेले मूल खुर्चीत लवकर रडकुंडीला येते. आम्हालाही काही सूचना होत्या. सुई लागणार नाही असे खोटे आश्वासन द्यायचे नाही, चॉकलेटचे आमिष दाखवायचे नाही, आणि यापुढे घरात “दंगा केलास तर डॉक्टर इंजेक्शन देतील” हे वाक्य कोणी उच्चारायचे नाही. मॅडम प्रत्येक उपकरण आधी मुलीला नावानिशी सांगत, मग तिच्या नखावर फिरवून दाखवत आणि त्यानंतरच तोंडात नेत. भूल देण्याआधी हिरडीला बधिर करणारे मलम लावले होते. मुलगी एकदा रडली, ते मी लपवत नाही, पण खुर्चीतून उठली नाही.

दाढेतील सडलेली नस काढून मुळांच्या पोकळ्या स्वच्छ केल्या आणि त्यांत एक विशिष्ट लेप भरला. दुधाच्या दाताची मुळे पुढे आपोआप झिजतात, त्यामुळे त्यांच्याबरोबर विरघळून जाणारा लेपच वापरावा लागतो, आणि मोठ्या माणसांच्या रूट कॅनॉलपेक्षा हा उपचार मुख्यतः इथेच वेगळा ठरतो. पुढच्या भेटीत दाढेवर स्टीलची कॅप बसवली. ही कॅप दाढ पडेल तेव्हा तिच्याबरोबरच पडते. पहिले एक-दोन दिवस चावताना ती उंच लागते आणि मग आपोआप जुळते, याची कल्पना आधीच मिळाल्याने आम्ही घाबरलो नाही. मुलीला स्वतःला हा चांदीचा दात फारच आवडला आणि तिने तो वर्गात सर्वांना उघडून दाखवला. पालकांनी एक गोष्ट मात्र विसरू नये. भूल उतरेपर्यंत, म्हणजे दोन-तीन तास, मुलावर लक्ष ठेवावे लागते, कारण बधिर झालेला ओठ मुले गंमत म्हणून चावत बसतात आणि त्याची जखम मूळ दुखण्यापेक्षा जास्त त्रास देते.

उपचार चालू असतानाच मॅडमनी मुलगी काय खाते याबरोबरच केव्हा खाते याचीही नोंद ठेवायला सांगितली. त्या वहीतून जे दिसले ते माझ्या अपेक्षेहून वेगळे होते. मुलगी फार गोड खात नव्हती, परंतु थोडे थोडे गोड दिवसभर खात होती. सकाळी साखरेचे दूध, मधल्या सुट्टीत बिस्किटे, शाळेतून आल्यावर चिक्की, संध्याकाळी आजीच्या चहात बुडवलेली खारी आणि झोपताना पुन्हा गोड दूध. तोंडातील जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात, त्या आम्लाने दातांवरच्या थराचा पीएच (आम्लता मोजण्याचे माप, तो जितका कमी तितके आम्ल जास्त) ५.५ च्या खाली गेला की दाताच्या कवचातील क्षार विरघळू लागतात, आणि लाळेला हे पूर्ववत करायला साधारण अर्धा तास लागतो. प्रत्येक बिस्किटागणिक हा अर्धा तास नव्याने सुरू होतो. रात्री लाळ कमी सुटते, म्हणून झोपतानाचे गोड दूध सर्वांत घातक.

या हिशेबात पुरणपोळी निर्दोष सुटली. जेवणाबरोबर खाल्लेले गोड जेवणाबरोबरच संपते आणि तेव्हा लाळही भरपूर असते, त्यामुळे सणावाराला मुलांचे गोड तोडण्याची गरज नाही. दोषी ठरली ती दाढेच्या खाचेत चिकटून बसणारी बिस्किटे, जी आम्ही गोडात धरतच नव्हतो. खोकल्याचे औषधही गोड असते, ते दिल्यावर पाणी पाजावे. आता घरात गोड खायचे ते जेवताना, मधल्या वेळेला शेंगदाणे, फुटाणे, काकडी किंवा फळ, आणि रात्री दात घासल्यानंतर पाण्याशिवाय काहीही नाही. दूध जेवणाआधीच्या वेळेला सरकले.

दात घासण्याबाबत मॅडमचे मत ठाम होते. सात-आठ वर्षांचे होईपर्यंत मुलाचे दात मोठ्या माणसाने घासून द्यायचे. आपण मुलाच्या मागे उभे राहून त्याचे डोके पोटाशी टेकवले की मागच्या दाढांपर्यंत सहज पोहोचता येते. पेस्ट फ्लोराइडची हवी. तीन वर्षांच्या आतील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पुरते. जाहिरातीत ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जी लाट दाखवतात ती दुकानदाराच्या फायद्याची. माझी बहीण यवतमाळ जिल्ह्यात असते. तिकडच्या काही गावांत बोअरवेलच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असल्याने मुलांच्या दातांवर तपकिरी डाग दिसतात. अशा गावच्या लोकांनी पाणी तपासून घ्यावे आणि पेस्टबद्दल तिथल्या दंतवैद्यालाच विचारावे, असे मॅडमनी तिच्यासाठी सांगितले.

सर्वांत अवघड सूचना मात्र दिसायला अगदी साधी होती. ब्रश झाल्यावर फेस थुंकायचा, पण चूळ भरायची नाही. भरपूर पाण्याने चूळ भरली की दातांवर राहून काम करणारे फ्लोराइड धुऊन जाते. हे कारण सर्वांना पटले, पण अंगवळणी पडेना. आपल्याकडे खळखळून चूळ भरल्याशिवाय तोंड स्वच्छ झाले असे कोणाला वाटतच नाही, आणि सासूबाईंच्या मते तर हा निव्वळ आळशीपणा होता. शेवटी मॅडमनीच तोड काढली. चूळ भरायचीच असेल तर ती घासण्यापूर्वी भरा, हवी तितकी भरा.

सासूबाई दवाखान्यात आल्या त्या नातीला सोबत म्हणून. त्या पूर्वीपासून दातांना मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, लावतात. मॅडमनी त्यांना एका शब्दानेही दटावले नाही. “आजी, नातीचं झालं, आता तुमचं तोंड बघू का?” एवढेच म्हणाल्या. त्यांनी गालांची आतली बाजू आणि जिभेखालची जागा आरसा लावून पाहिली, तिखट खाताना जळजळ होते का ते विचारले, आणि मग सांगितले की तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा अथवा न भरणारी जखम दोन आठवड्यांहून अधिक काळ राहिली तर ती दुखत नसली तरी दाखवायची. दंतमंजनात तंबाखू वापरण्यास केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली, पण मिश्री घरच्या तव्यावर भाजली जाते, तिला कायदा कसा अडवणार? मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, असे सासूबाई म्हणाल्या, तेव्हा मॅडमनी समजावले की ती तंबाखूतील निकोटिनची सवय आहे, दातांशी तिचा काही संबंध नाही. मिश्री सुटलेली नाही. दुपारची आणि रात्रीची बंद झाली, सकाळची चालू आहे, आणि आमच्या घरात याहून अधिक आग्रह चालत नाही.

त्यांचे दोन दात हलत होते. दात साफ करून घेतले की ते हलू लागतात, ही त्यांची जुनी समजूत. मॅडमनी सांगितले की दात आधीच सैल झालेले असतात. मधल्या फटी दगडासारख्या कठीण किटणाने बुजलेल्या असल्यामुळे ते जाणवत नाही, आणि किटण काढले की खरी स्थिती दिसते. सासूबाईंना मधुमेह आहे. मधुमेहाने हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात ठेवणे अवघड जाते, म्हणून आधी रक्ततपासणी करून घेतली. हृदयाच्या तक्रारीसाठी त्या रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतात. दात काढायचा म्हणून ही गोळी घरच्या घरी बंद करायची नाही, हे मॅडमनी दोनदा बजावले आणि हृदयरोगतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी दिली. गोळी चालू ठेवूनच दोन्ही दात काढले आणि नंतर काढता-घालता येणारी कवळी बसवली. ती रात्री काढून पाण्यात ठेवायची आणि साबणाने, मऊ ब्रशने धुवायची, कारण पेस्टने तिच्यावर चरे पडतात.

माझे यजमान अद्याप तपासणीला गेलेले नाहीत. त्यांचे काहीच दुखत नाही, असे ते म्हणतात.

मुलीच्या खालच्या दोन्ही कायमच्या दाढांच्या खाचा मॅडमनी सीलंटने, म्हणजे खाचांत अन्न अडकू न देणाऱ्या पातळ लेपाने, बुजवल्या. यासाठी दाढ कोरावी लागत नाही आणि भूलही द्यावी लागत नाही. सगळ्या दातांवर फ्लोराइडचा लेप लावला आणि कीड लागण्याचा धोका जास्त असल्यामुळे सहा महिन्यांऐवजी तीन महिन्यांनी बोलावले. निघताना पडझडीबद्दलही सांगितले, कारण या वयातील मुले खेळताना तोंडावर आपटतातच. कायमचा दात मुळासकट निघाला तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलायचा, मूळ घासायचे नाही, थंड दुधात ठेवून शक्यतो तासाभराच्या आत दंतवैद्याकडे पोहोचायचे. दुधाचा दात निघाला तर तो परत बसवू नये, त्याने खालच्या कायमच्या दाताला इजा होते. हे मी मुलीच्या वर्गशिक्षिकांनाही लिहून दिले.

वरच्या दोन दाढांपैकी उजवीकडची अजून अर्धी हिरडीखाली आहे आणि ओलसर जागी सीलंट धरत नाही, म्हणून ते काम पुढच्या भेटीवर गेले आहे. त्यासाठी आम्ही दिवाळीच्या सुट्टीआधीची तारीख मागून घेतली. त्यानंतर महिनाभर घरात फराळाचे डबे असतात, आणि त्या काळात खाण्याच्या वेळांची वही कोणी लिहील असे मला वाटत नाही.