नवी दुर्बीण सदोष आहे, हे दुकानदाराला पटवायचं कसं

‘ग्रह धूसर दिसतात, दुर्बीण खराब आहे’ असं कळवलं की दुकानाकडून ठरलेलं उत्तर येतं: कोलिमेशन (आरसे-भिंगं एका रेषेत आणणं) करून पाहा. तुम्ही करता, फरक पडत नाही, पुन्हा लिहिता, आणि या लिहालिहीत परतीची मुदत निघून जाते. दोष कोणत्या भागात आहे आणि तो दुसरीकडे नाही हे कशावरून, एवढं पहिल्याच पत्रात असलं तर टोलवाटोलवीला जागा राहत नाही.

नागपुरात यात मोसमाची भर पडते. जून ते सप्टेंबर आकाश झाकलेलं, आणि बऱ्याच दुकानांची मुदत सात-दहा दिवसांची. पावसाळी सवलतीत घेतलेल्या दुर्बिणीतून पहिला तारा दिसतो तेव्हा ही मुदत कधीच संपलेली असते. दिवाळीनंतर घेणं उत्तम. थांबवत नसेल, तर दिवसा करायच्या तपासण्या मुदतीत उरकून घ्या.

खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा: आधी कुरिअरचं लेबल, मग खोक्याचे सहाही पृष्ठभाग, मग आतला माल. मध्ये कॅमेरा बंद करू नका. नळी अलगद तिरपी करून कान द्या. खडखडाट झाला तर मुख्य आरशाची क्लिप किंवा छोट्या, दुय्यम आरशाची पकड निसटली आहे. अशा वेळी पुढे काही जोडू नका, तिथेच थांबून तक्रार करा. अनुक्रमांकाचा फोटो बीजकाशेजारी ठेवून काढा.

दिवसाच्या तपासणीला सकाळी सातची वेळ चांगली, कारण नंतर हवा उकळू लागते. सूर्य पाठीशी घ्या आणि नळी चुकूनही त्याच्या दिशेला वळवू नका. आयपीसवर (डोळ्याशी लावायच्या भिंगावर) बसवायचा काळा सोलर फिल्टर सोबत आला असेल तर तो फेकून द्या. तो उष्णतेने तडकतो आणि डोळा जातो. पन्नास मीटरवर काळ्या कापडावर १० मिमीची बेअरिंगची चकचकीत गोळी ठेवा. तिच्यावर चमकणारा उन्हाचा ठिपका १३० मिमी व्यासाच्या आरशाच्या दुर्बिणीला ताऱ्याइतकाच बारीक असतो. पावसाळ्यातही एखाद्या सकाळी तासभर ऊन पडतं, तेवढं पुरतं.

आता मुख्य परीक्षा. ६५० मिमी नाभीय अंतराच्या नळीत ५ मिमीचा आयपीस लावला की १३० पट वर्धन मिळतं. तारा (दिवसा असेल तर गोळीवरचा ठिपका) मध्यभागी आणा आणि फोकस थोडा आत, मग तेवढाच बाहेर न्या. दोन्हीकडे एकात एक बसलेली गोल वलयं दिसली पाहिजेत. वलयं एका बाजूला सरकलेली असतील तर कोलिमेशन बिघडलं आहे. तो दोष नव्हे. आरशामागचे स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून ते सुधारतं. चकती लंबगोल असेल आणि फोकसच्या दुसऱ्या बाजूला तिचा लांब अक्ष ९० अंशांनी वळत असेल, तर दृष्टिवैषम्य (अॅस्टिग्मॅटिझम) आहे, म्हणजे काचेचा बाक सगळ्या दिशांना सारखा नाही. तारा फोकसमध्ये असतानाही तीन टोकांचा दिसत असेल, तर मुख्य आरशाच्या तीन क्लिपा जास्त आवळल्या आहेत. क्लिप आणि काच यांच्यात पातळ कागद सरकायला हवा. मात्र आरशाची बैठक (सेल) उघडण्याआधी दुकानदाराची लेखी परवानगी घ्या, नाहीतर ‘तुम्हीच उघडली’ हे वाक्य ऐकावं लागेल.

दृष्टिवैषम्य कोणाचं, हे शोधायचा नियम सोपा आहे: जे फिरवल्यावर दोष फिरतो, दोष त्याचा. डोकं तिरपं करा. लंबगोल सोबत वळला तर दोष तुमच्या डोळ्यात आहे, चष्मा लावून पाहा. आयपीस फोकसरमध्येच (तो बसतो त्या सरकत्या नळीत) फिरवा. वळला तर आयपीस वाईट. भिंगाच्या दुर्बिणीत डायगोनल (आयपीसआधीचा, प्रकाश वळवणारा आरसा) काढून थेट पाहा. दोष गेला तर डायगोनल बदलून मागा, अख्खी दुर्बीण परत करायची गरज नाही. या सगळ्यातून दोष जागचा हलला नाही, तरच संशय मुख्य भिंगावर किंवा आरशांवर घ्यायचा. कोलिमेशन तपासायच्या लेझर कोलिमेटरलाही हाच नियम. तो इंग्रजी व्ही आकाराच्या खाचेत ठेवून फिरवा. समोरच्या भिंतीवर ठिपका जागेवर न राहता वर्तुळ काढत असेल तर लेझरच वाकडा आहे, आणि स्वस्तातले पुष्कळ लेझर तसेच निघतात.

तारा कोणता घ्यायचा? साध्या माउंटवर (दुर्बिणीच्या स्टँडवर) ध्रुवतारा सोयीचा, कारण तो हलत नाही. पण नागपुरात तो क्षितिजापासून जेमतेम २१ अंश वर असतो. तिथली हवा जाड, म्हणून कोलिमेशनला चालेल, पण आरशाच्या गुणवत्तेचा निकाल त्यावर देऊ नका. डिसेंबर-जानेवारीत रोहिणी जवळजवळ डोक्यावरून जाते, ती घ्या.

आणि कृपा करून मे महिन्यात स्लॅबवर उभं राहून काचेला दोष देऊ नका. ४५ अंशांत दिवसभर तापलेली गच्ची मध्यरात्रीपर्यंत तव्यासारखी धगधगते आणि तिच्यावरची हवा ताऱ्याला फिसकटून टाकते. ओळख अशी: हवेचा दोष क्षणाक्षणाला रूप बदलतो, काचेचा दोष ढिम्म तसाच राहतो. शक्य तर मैदानात, गवतावर लावा. नळी बाहेर काढल्यावर आरसा निवायला निदान तासभर द्या. कूलरच्या खोलीत तर दुर्बीण ठेवूच नका. त्या दमट हवेने काचेवर बुरशी धरते, आणि ती वॉरंटीत बसवून घेणं महाकठीण.

ज्याला दोष समजून लोक दुकानदाराशी भांडतात, त्यातलं बरंच काही दोष नसतंच. आरशावर टॉर्च मारला की कोणताही आरसा भयंकर दिसतो; धुळीचे कण आणि कडेचा बारीक टवका याने प्रतिमेत फरक पडत नाही. एफ ५ (नाभीय अंतर आरशाच्या व्यासाच्या पाचपट) न्यूटोनियनमध्ये, म्हणजे आरशाच्या दुर्बिणीत, आयपीस काढून फोकसरमधून पाहिलं की दुय्यम आरशाची सावली थोडी सरकलेली दिसते, ती तशीच असायची. लाल ठिपक्याचा फाइंडर (नेम धरायचं साधन) लागत नसेल तर आधी बॅटरीखालची प्लास्टिकची पट्टी काढा. गोटू माउंट (ताऱ्याकडे आपोआप वळणारं) भलतीकडे वळत असेल तर सेटिंग तपासा: रेखांश ७९ अंश पूर्व, अक्षांश २१ अंश उत्तर, वेळेचा फरक अधिक साडेपाच तास, डेलाइट सेव्हिंग बंद. साडेपाचऐवजी पाच टाकलं की साडेसात अंशांची चूक होते. तारखेत महिना आधी असतो. ५ एप्रिलची ४ मे झाली की चूक तीस अंशांच्या आसपास जाते. वळताना माउंट मध्येच रीसेट होत असेल तर पेन्सिल सेल काढून १२ व्होल्टचा, निदान २ अँपिअरचा अडॅप्टर लावून पाहा.

खोक्यावरचे ५२५ पट वर्धन हे वेगळं प्रकरण. ७०० मिमीची नळी, ४ मिमीचा आयपीस आणि तीनपट बार्लो (वर्धन वाढवणारं जोडभिंग) मिळून गणित जुळतं, पण ६० मिमीच्या भिंगाला १२० पटींच्या पुढे काही दाखवता येत नाही. इथे नग बिघडलेला नाही, जाहिरात दिशाभूल करणारी आहे; तक्रारही तशीच लिहा. ‘डीएसएलआर चालतो’ म्हणून विकलेल्या न्यूटोनियनवर कॅमेरा फोकसलाच येत नसेल, तर तेही याच खात्यात.

पत्र एवढंच असावं: ‘बीजक क्रमांक व तारीख अमुक. १३० मिमी न्यूटोनियन, अनुक्रमांक अमुक. कोलिमेशननंतर फोकसच्या आत-बाहेर ताऱ्याची चकती लंबगोल दिसते आणि दिशा ९० अंशांनी बदलते. आयपीस फिरवून व बदलून, डोकं तिरपं करूनही दिशा तीच राहते. म्हणून दोष आरशांत आहे. व्हिडिओ जोडला आहे. बदली किंवा पूर्ण परतावा द्यावा.’ फोनवर काही ठरलं तर त्याच दिवशी ते ईमेलने लिहून पाठवा.

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हा शिक्का पाहून खचू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. ऑनलाइन खरेदीत तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. ते झालं नाही तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. त्यापुढे जिल्हा आयोग: दुकान मुंबईचं असो की बंगळुरूचं, तक्रार तुम्ही राहता तिथे, म्हणजे नागपुरात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. दोष चाचणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, म्हणून काच स्वतः पुसू-खरवडू नका.

परत पाठवताना काउंटरवेट (माउंटचं तोलाचं वजन) वेगळ्या खोक्यात घाला. तीन-चार किलोचं लोखंड सुटलं तर नळीला पोचा पडतो आणि तो तुमच्या माथी येतो. आयपीस नळीतून काढून सोबत ठेवा, झाकणं लावा, मूळ थर्माकोल वापरा, बांधतानाचाही व्हिडिओ काढा. बदली नग आला की आधी अनुक्रमांक पाहा. कधीकधी तोच नग नुसता कोलिमेट होऊन परत येतो. अनुक्रमांक जुनाच असेल तर काय दुरुस्त केलं ते लेखी मागा, आणि नग कोणताही असो, लंबगोलाची परीक्षा त्याच आठवड्यात पुन्हा घ्या.