आमची कोठेही शाखा नाही

दुपारी इस्त्री करताना मला गाणी लागतात, आणि गाणी जितकी दणदणीत तितकी कॉलर कडक बसते असं माझं ठाम मत आहे. घरच्यांचं मत एवढंच, की दार लावून घे. परवा असंच जुडास प्रीस्ट हा जुना इंग्रज हेवी मेटल बँड लावून शर्टांचा ढीग उपसत होते. एक गाणं संपलं आणि पुढचं आपसूक सुरू झालं. ठेका तोच, दोन गिटारींची झुंज तीच, वर कानशिलं तापवणारा चिरका आवाज. पण गाणं ओळखीचं नव्हतं. गिटार मात्र ओळखीची होती. इस्त्री उभी करून फोनवर नाव पाहिलं. केकेज प्रीस्ट.

मला हसूच फुटलं. के. के. डाऊनिंग! (आपला गाणारा केके नव्हे. हा इंग्लंडचा, लांब सोनेरी केसांचा, फ्लाइंग व्ही गिटारवाला.) १९७० ते २०११ जुडास प्रीस्टमध्ये वाजवलं, मग बाहेर पडला, वर दहा वर्षं गेली आणि अखेरीस स्वतःचा बँड काढून पहिला अल्बम आणला. आणि स्वतःच्या बँडला नाव काय दिलं? प्रीस्टच. पुढे नुसती आपली आद्याक्षरं.

वाटणी झालेल्या घरात वाढलेल्या माणसाला हे नाव समजावून सांगावं लागत नाही.

बाबांचा आणि काकांचा मिळून छापखाना होता. ट्रेडल मशीन, खिळ्यांच्या केसेस, शाई आणि रॉकेल यांचा एकत्र वास. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणूक आली की हँडबिलं. काका मशीनवर, बाबा जुळणीवर आणि प्रुफांवर. एका दिवाळीनंतर काहीतरी बिनसलं. काय, ते आम्हा पोरांना तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि आता सांगायला कुणी उरलं नाही. काका बाहेर पडले आणि समोरच्याच बाजूला, थोडं पुढे, त्यांनी स्वतःचं मशीन टाकलं. पाटीवर आडनाव तेच, आधी फक्त 'न्यू'. बाबांनी लगेच पेंटर बोलावला आणि आमच्या पाटीखाली तांबड्या अक्षरांत लिहून घेतलं : आमची कोठेही शाखा नाही. थोड्याच दिवसांत काकांच्या पाटीखालीही हीच ओळ आली. पेंटरही तोच होता.

तर केकेज प्रीस्ट.

डाऊनिंगच्या बाबतीत गंमत अशी, की ज्या नावासाठी जीव तुटावा ते मुळात त्याचंही नव्हतं. अॅल अॅटकिन्स नावाच्या गायकाचा आधी एक बँड होता, १९६९ सालचा; जुडास प्रीस्ट हे नाव त्या बँडचं, आणि तेही बॉब डिलनच्या १९६७ च्या एका गाण्याच्या शीर्षकातून उचललेलं. तो बँड मोडला. अॅटकिन्स डाऊनिंगच्या मंडळींना येऊन मिळाला आणि येताना नाव बरोबर घेऊन आला. १९७३ मध्ये तो निघून गेला, नाव मागेच राहिलं. मग गायक रॉब हॅलफोर्ड आला, दुसरा गिटारवाला ग्लेन टिप्टन आला, १९७४ मध्ये पहिला अल्बम निघाला आणि पुढे जे झालं ते झालं. म्हणजे या घराण्यात नाव सोडून जाण्याची रीत जुनीच. मोडली ती डाऊनिंगने.

ही सगळी मंडळी बर्मिंगहॅमच्या आसपासची. डाऊनिंग वेस्ट ब्रॉमविचचा. तो सगळा टापू ओतशाळांचा, कोळशाचा. त्याला म्हणतातच ब्लॅक कंट्री. टिप्टनने तर ब्रिटिश स्टीलमध्ये नोकरी केलेली. हॅलफोर्डने सांगितलंय की शाळेच्या शेजारच्या कारखान्यातल्या दणक्यांनी वर्गातली बाकं थरथरायची. ट्रेडलच्या खटखटीत पाढे म्हटलेल्या मला हे ताबडतोब पटलं. हेवी मेटल कुठून आलं यावर लोक मोठमोठं लिहितात. माझ्या मते ते ज्यांच्या घरामागे मशीन चालायचं त्यांच्याकडून आलं, बाकीच्यांनी नंतर केस वाढवले.

माझी एक खोड आहे. कुठलीही फाटाफूट झाली, बँडची असो, नाटक कंपनीची असो, की सोसायटीच्या गणेश मंडळाची, मी न विचारता बाहेर पडलेल्याची बाजू घेते. कारण काय, भांडण काय, याच्याशी मला कर्तव्य नसतं. कॉलेजात एक मित्र कट्टर टिप्टनवाला होता. त्याच्या भावाने कुठून कुठून भरून आणलेल्या कॅसेटवर आमची वादावादी चाले. तो म्हणायचा, ग्लेनचा सोलो बांधेसूद असतो, आधी विचार केलेला असतो. मी म्हणायचे, म्हणूनच. केकेचा सोलो गिटारच्या मानगुटीवर बसून, व्हॅमी बार (सूर ताणायची गिटारवरची दांडी) पिरगाळून तिला किंचाळायला लावतो. तो संपेपर्यंत त्यालाही ठाऊक नसतं तो कुठे जाणार. तेव्हा डाऊनिंग कुठेही गेलेला नव्हता. तो जाणारा आहे हे मला बहुधा आधीच कळलं असावं, असं मी आता म्हणते.

गेला तेव्हा कारण निवृत्तीचं सांगितलं गेलं. वर्ष २०११, एपिटाफ नावाचा मोठा दौरा तोंडावर. त्याच्या जागी रिची फॉकनर आला. तिशीतला, सोनेरी केसांचा, आणि तोही फ्लाइंग व्हीवाला. पुढे डाऊनिंगने २०१८ मध्ये आत्मचरित्र लिहिलं, त्यात खरी खदखद बाहेर आली. राजीनाम्याची पत्रंसुद्धा त्याने दोन पाठवली होती. पहिलं सभ्य, सगळ्यांना शुभेच्छा देणारं. दुसरं मनातलं. मला हा माणूस आवडतो तो इथे. एकच पत्र पाठवून गप्प बसणारे पुष्कळ असतात.

मधल्या काळात तो श्रॉपशरमधल्या आपल्या इस्टेटीवर गोल्फचं मैदान सांभाळत होता. हे वाचून मी थोडी खचले होते. गोल्फ! पुढे ती इस्टेटही हातची गेली. आणि त्याच सुमारास, २०१८ च्या फेब्रुवारीत, टिप्टनने जाहीर केलं की त्याला पार्किन्सन्स आहे, यापुढे पूर्ण दौरे झेपणार नाहीत. जागा रिकामी झाली. डाऊनिंग घरीच होता, बोटं शाबूत होती, सगळी गाणी पाठ होती; किंबहुना त्यातली कित्येक त्याचीच होती. त्यांनी बोलावलं अँडी स्नीपला, त्यांच्याच अल्बमच्या निर्मात्याला. डाऊनिंगने उघडपणे बोलून दाखवलं, की मला का नाही बोलावलं. आता ते दुसरं पत्र वाचलेल्यांनी का बोलवावं, हा प्रश्न रास्त आहे. पण रास्त प्रश्नांनी कुणाची समजूत पटते?

मग त्याने माणसं गोळा केली. आणि कुठून केली म्हणता? जुन्या घरातूनच. गायक टिम ओवेन्स, टोपणनाव रिपर. अमेरिकेतल्या अॅक्रनचा हा गडी जुडास प्रीस्टचीच गाणी गाणाऱ्या एका बँडमध्ये होता, १९९६ मध्ये थेट प्रीस्टमध्ये घेतला गेला, दोन अल्बम गायला, आणि २००३ मध्ये हॅलफोर्ड परतल्यावर त्याला जागा मोकळी करून द्यावी लागली. ड्रमवर लेस बिंक्स, सत्तरच्या दशकातला प्रीस्टचाच ड्रमर. नोव्हेंबर २०१९ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनला हे तिघं एका मंचावर आले आणि ठिणगी पडली. बिंक्सचं मनगट दुखावलं म्हणून पुढे तिथे शॉन एल्ग आला, बेसवर टोनी न्यूटन. अल्बम तयार होतोय तोवर जगाला कुलूप लागलं. शेवटी १ ऑक्टोबर २०२१ ला 'सर्मन्स ऑफ द सिनर' बाहेर पडला. डाऊनिंगचा जन्म २७ ऑक्टोबर १९५१ चा. म्हणजे स्वतःच्या बँडचा पहिला अल्बम आला तेव्हा त्याला सत्तर पुरं व्हायला महिनासुद्धा उरला नव्हता.

इस्त्री राहिली बाजूला. मी तो अल्बम पहिल्यापासून लावला.

आता खरं सांगायचं तर त्यात नवीन काही नाही. सुरुवातीला मिनिटभराची गंभीर प्रस्तावना, मग 'हेलफायर थंडरबोल्ट' म्हणजे नरकाग्नी आणि वीज दोन्ही एकदमच, उगीच काटकसर नाही. 'रेझ युअर फिस्ट्स' मुठी आवळण्याच्या पलीकडे फारसं जात नाही. 'मेटल थ्रू अँड थ्रू' लांबतं. प्रीस्ट हा शब्द इतक्यांदा येतो की विसरलेल्या माणसाला रागच यावा. पण शीर्षकगीतात ओवेन्स जो टिपेला जातो, आणि त्याच्या मागून केकेची गिटार जशी अंगावर येते, तिथे मी शर्ट हातात घेऊन नुसती उभी होते. सत्तरीच्या उंबऱ्यावर माणसं सहसा आवाज कमी करतात.

शेवटचं गाणं तर कमाल आहे. 'रिटर्न ऑफ द सेंटिनेल'. १९८४ च्या प्रीस्टच्या अल्बमवर 'द सेंटिनेल' होतं. त्यातल्या पहारेकऱ्याचं पुढे काय झालं ते इथे नऊ मिनिटांत आहे. वेगळ्या घरात जाऊन जुन्या घरातली गोष्ट पुरी करून टाकली. समोरचे काय म्हणतील याची पर्वा नाही. किंवा तेवढ्याचीच पर्वा.

पण मला अडकवलं ते निराळ्याच गोष्टीने. गाणी सगळी डाऊनिंगची, निर्मिती डाऊनिंगची, नाव डाऊनिंगचं. एवढं भांडून, दुसरं पत्र पाठवून बाहेर पडल्यावर माणूस काय करेल? सगळी गिटार एकटा वाजवेल. स्टुडिओत ते काही अवघड नसतं, एकावर एक ट्रॅक चढवत जायचं. याने तसं केलं नाही. शेजारी दुसरा गिटारवाला घेतला, ए. जे. मिल्स. आणि अल्बमभर दोघं सवालजवाब खेळतात. एकाने तान टाकायची, दुसऱ्याने ती हिसकावून घ्यायची, मग दोघांनी मिळून एका सुरात उंच जायचं. अगदी टिप्टनबरोबर चालायचं तसंच. ज्याच्याशी पटलं नाही तो माणूस सोडता येतो, त्याची जागा काही रद्द करता येत नाही. टिप्टनचा वाढदिवस २५ ऑक्टोबर, डाऊनिंगचा २७. इतकी वर्षं दौऱ्यांवर केक एकच कापत असतील की दोन, असा वेडगळ विचार मनात येऊन गेला.

काकांचा हात मशीनवर पक्का बसलेला, पण ऱ्हस्व-दीर्घाशी त्यांचं कधीच जमलं नाही. न्यू प्रेसच्या पहिल्याच लग्नपत्रिकेत 'आशिर्वाद' छापून गेले, आणि बाबांनी ती पत्रिका भिंगाखाली धरून जेवणापर्यंत पाहिली. बोलले काही नाहीत. त्यानंतर कधीतरी एका संध्याकाळी काकांकडचा पोऱ्या ओल्या प्रुफांची सुरळी घेऊन दारात उभा राहिला. निरोप नाही, चिठ्ठी नाही. बाबांनी चहा संपवला, लाल शाईचं पेन काढलं, प्रुफं तपासली आणि परत दिली. पुढे ही ने-आण माझ्याकडे आली. पलीकडे गेले की काका विचारायचे, "दादा काही म्हणाला?" मी म्हणायचे, नाही. "बरं." अलीकडे आले की बाबा कागद उजेडात धरून मागच्या बाजूने बोट फिरवायचे आणि कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणायचे, "दाब जास्त देतो. पहिल्यापासून."

दोन्ही पाट्यांवरची तांबडी ओळ तशीच होती. पुसायची कुणालाच आठवण झाली नाही. मग ऑफसेट छपाई आली आणि दोन्ही ट्रेडल एकाच भंगारवाल्याने नेली.

नोव्हेंबर २०२२ मध्ये लॉस एंजेलिसला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या सोहळ्यात प्रीस्टचा सन्मान झाला. तिथे डाऊनिंगला बोलावलं होतं, बिंक्सलाही. टिप्टन, डाऊनिंग, फॉकनर असे तिघं गिटारवाले एका रांगेत उभे राहून वाजवत होते. तो व्हिडिओ मी पाहिला आहे. वाजवतात उत्तम. एकमेकांकडे पाहतात का, हे शोधायला मी तो मागे-पुढे केला, पण कॅमेरेवाल्याला आमच्या घरगुती शंकांशी काही देणंघेणं नव्हतं. सोहळा झाला, आणि डाऊनिंग पुन्हा आपल्या बँडकडे गेला. २०२३ मध्ये दुसरा अल्बमही आला. त्याच्याही नावात सिनर आहेच. तो मी अजून ऐकलेला नाही, ऐकीन.

त्या संध्याकाळी मी टिप्टनवाल्या मित्राला पहिल्या अल्बमची लिंक पाठवली. बरोबर चार ओळी लिहिल्या, त्यातल्या दोन खोचक होत्या. त्याने उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला. ऐकलं म्हणून, की लिंक मिळाली म्हणून, कोण जाणे. हल्ली तो सकाळी फिरायला जातो आणि भजनं ऐकतो, असं त्याची बायको सांगत होती.