सव्वा मिलिमीटर

एका दुरुस्तीची केस संपून तीन आठवडे झाले, मशीन घरी गेलं, पैसेही आले, तरी डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून टाकतो.

मी जुने होम कॉम्प्युटर दुरुस्त करतो. लोकांना वाटतं दिवसभर सोल्डरिंग चालत असेल. खरं तर अर्धा दिवस घाण पुसण्यात जातो आणि उरलेला आधीच्या माणसाने जे करून ठेवलंय ते निस्तरण्यात.

तर एक झेडएक्स स्पेक्ट्रम आला, सिंक्लेअर कंपनीचा छोटा होम कॉम्प्युटर, १९८२ चं मॉडेल, ४८ केबी मेमरीचा, सोबत जॉयस्टिकचा इंटरफेस, म्हणजे जॉयस्टिक जोडण्यासाठी मागे लावायचा डबा. चिठ्ठीत लिहिलेलं, "आपोआप बंद पडला." आमच्या धंद्यात आपोआप काही होत नाही, पण ते असो. चालू केला तर स्क्रीनभर कचरा. मीटर लावला, उणे ५ व्होल्ट गायब. इथे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, या मशीनच्या मेमरीच्या खालच्या १६ केबीत ४११६ नावाच्या आठ चिप्स असतात आणि त्यांना ५, १२ आणि उणे ५ असे तीन व्होल्टेज लागतात. उणे ५ गेलं आणि १२ तसंच राहिलं की या चिप्स मरायला वेळ लागत नाही. हे दोन्ही व्होल्टेज बोर्डावरच एक छोटी कॉइल आणि टीआर४ नावाचा ट्रान्झिस्टर मिळून तयार करतात आणि तो टीआर४ मेला होता.

माझा पार्टनर म्हणाला, आधी सगळे कॅपॅसिटर बदल. तो प्रत्येक मशीनला हेच सांगतो, रेडिओ असो नाहीतर घड्याळ. मी ऐकलं नाही. टीआर४ आणि त्याचा जोडीदार ट्रान्झिस्टर टीआर५ बदलले, उणे ५ परत आलं, मग स्क्रीनकडे बघत बसलो. हा भाग मला फार आवडतो. स्क्रीनची मेमरी याच खालच्या १६ केबीत असते आणि प्रत्येक चिप बाइटमधला एकच बिट सांभाळते, त्यामुळे एखादी चिप मेली की दर आठव्या पिक्सेलला उभी रेघ दिसते. रेघा मोजायच्या आणि कुठली चिप ते बोट ठेवून सांगायचं, कसलं महागडं यंत्र लागत नाही. तीन चिप्स निघाल्या. बदलल्या, आणि खालच्या कडेला सिंक्लेअर रिसर्चची ती १९८२ ची ओळ स्वच्छ उमटली. तेव्हा रात्रीचे अकरा वाजले असतील आणि मी स्वतःवर भलताच खूश होतो.

आता फक्त इंटरफेस लावून बघायचा राहिला होता.

स्पेक्ट्रमच्या मागे ज्याला एक्सपान्शन पोर्ट म्हणतात ते सॉकेट वगैरे काही नाही, मदरबोर्डची कडाच आहे, बाहेरच्या खोक्यातल्या खाचेतून दिसणारी. वर २८ आणि खाली २८ पट्ट्या, त्यातली पाचवी जागा कापलेली, त्या कापात इंटरफेसच्या कनेक्टरमधली की बसते, म्हणजे प्लास्टिकचा एवढासा तुकडा. झेड८० या मुख्य प्रोसेसरचे ॲड्रेस, डेटा, कंट्रोल सगळे सिग्नल थेट बाहेर, मध्ये एकही बफर, म्हणजे सांभाळून घेणारी मधली चिप, नाही. त्याच काळातल्या बीबीसी मायक्रो कॉम्प्युटरची १ मेगाहर्ट्झ बस, म्हणजे तिथला असाच जोडणीचा मार्ग, बफरमधून बाहेर येते, कमोडोर ६४ या दुसऱ्या कॉम्प्युटरला ४४ कॉन्टॅक्टचं आत बसवलेलं सॉकेट आहे. इथे स्वस्त मशीन, म्हणून उघडी कडा, आणि खरं सांगायचं तर म्हणूनच लोकांनी तिला वाट्टेल ते लटकवलं. पण खालच्या बाजूची तिसरी पट्टी ५ व्होल्टची आणि चौथी ९ व्होल्टची, अगदी शेजारीशेजारी. दोन पट्ट्यांमधलं अंतर २.५४ मिलिमीटर. कनेक्टर त्याच्या निम्म्याने सरकला, म्हणजे जेमतेम सव्वा मिलिमीटर, की एकच कॉन्टॅक्ट दोन्हींवर बसतो आणि ॲडॅप्टरचं ९ व्होल्ट, जे रेग्युलेटेड नसल्याने बहुतेक वेळा ९ पेक्षा जास्तच असतं, थेट ५ च्या लाइनवर.

मी पॉवर बंद केली. प्रत्येक गिऱ्हाइकाला चिठ्ठीवर लिहून देतो, बंद करून लावा, बंद करून काढा, ते मी पाळलं. इंटरफेस ढकलला, जरा सैल बसतोय असं वाटलंसुद्धा, आणि चालू केलं. ओळ नाही, काहीच नाही, काळी स्क्रीन. यूएलएवर, म्हणजे स्क्रीनचं चित्र तयार करणाऱ्या मोठ्या चिपवर, बोट ठेवलं आणि झटकन काढलं.

इंटरफेस उपटून कनेक्टरमध्ये बघितलं तर पाचव्या जागी भोक. की नव्हतीच.

पार्टनर सकाळी आला, त्याने बोर्ड बघितलासुद्धा नाही, कनेक्टर उचलला, टॉर्च मारला आणि विचारलं, "की बघितली नव्हतीस?" जो माणूस उठसूट कॅपॅसिटर बदलतो तो कुठलाही कनेक्टर टॉर्च मारल्याशिवाय लावत नाही, हे मला दहा वर्षं माहीत आहे.

यूएलए गेला, एलएस१५७ नावाच्या दोन छोट्या चिप्स गेल्या, वरच्या ३२ केबीतल्या दोन चिप्स गेल्या (त्या चिप्सची गंमत अशी की त्या मुळात ६४ किलोबिटच्या, अर्धा भाग नापास झालेल्या म्हणून स्वस्तात घेतलेल्या). झेड८० वाचला. यूएलए मी माझ्या सुट्या भागांच्या बोर्डावरून काढला, तो मी चांगल्या कामासाठी जपून ठेवला होता.

मग मालकांना फोन केला. सरळ सांगितलं, तुमच्या कनेक्टरला की नव्हती, मी न बघता लावला, यूएलए माझ्या हातून गेला.

"अहो, ती की मीच काढली," ते म्हणाले. "बसताना फार अडायचं, चिमट्याने ओढून काढली. म्हणजे आधीही त्यानेच बंद पडलं असणार. यात तुमचं काय चुकलं?"

आणि मी म्हणालो, "हं, असेल."

पण नसणार. पहिल्यांदा ९ व्होल्ट ५ वर आलं असतं तर यूएलए तेव्हाच गेला असता आणि तो माझ्या बेंचवर रात्री अकरापर्यंत ठणठणीत होता. पहिल्यांदा गेलं ते उणे ५. ते वरच्या बाजूला विसाव्या पट्टीवर, बाविसाव्यावर १२, मध्ये फक्त वेट नावाच्या सिग्नलची पट्टी. चालू मशीनमध्ये इंटरफेस लावताना तिथे काही शॉर्ट झालं असेल, किंवा टीआर४ नुसता म्हातारा होऊन गेला असेल, ट्रान्झिस्टर मरताना कारण लिहून ठेवत नाही. म्हणजे मघाशी आपोआपवर जे बोललो तेही पुरतं खरं नाही. काही असो, तिथे कीचा संबंध असलाच तर थोडासा, आणि यूएलएचा संबंध पूर्ण माझ्याशी. हे एका वाक्यात सांगता आलं असतं. ते इतक्या सहज सगळं अंगावर घेत होते की मी बोललोच नाही.

कनेक्टरला मी फायबरच्या बोर्डाचा तुकडा घासून, पाचव्या जागी चिकटवून नवी की केली. आता चिमट्यानेही निघणार नाही. बिलात यूएलए धरला नव्हता, पण त्यांनी न मागता त्याचे पैसे वर घातले. मी ठेवून घेतले.

परवा त्यांचा मेसेज आला, जॉयस्टिक मस्त चालतोय, आणि आता दर वेळी आधी पॉवरची पिन काढतो. अजून उत्तर दिलेलं नाही.